अर्ध्या वाक्याची सवय

तिसरी-चौथीच्या माझ्या जोडवर्गात घरी तेलुगू बोलणारी मुलं होती, कानडी बोलणारी होती, दखनी बोलणारी होती, तांड्यावरून येणारी गोरमाटी बोलणारी होती, आणि उरलेली मराठी. शाळा मराठी माध्यमाची, जिल्हा परिषदेची. देगलूर तालुका म्हटला की असंच असतं. तेलंगण हाताशी आणि कर्नाटकही. मी रुजू झाले तेव्हा लोक म्हणाले, तुम्हाला जड जाईल. मराठी शिकवायला जड गेलं हे खरं, पण इंग्रजीला नाही. इंग्रजी कुणाच्याच घरची नव्हती, त्यामुळे त्या तासाला सगळी मुलं एका पायरीवर. मराठीच्या तासाला जे पोरगं मान खाली घालून बसायचं, ते इंग्रजीच्या तासाला मान वर करायचं. मला हा तास आवडायचा.

माझं घर लातूरला. नवरा तिथं, मुलगा पुण्यात शिकायला. नोकरी नांदेड जिल्ह्यातली, म्हणून मी देगलूरला खोली करून राहायची. शनिवारी सकाळची शाळा सुटली की उदगीरमार्गे लातूर, आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. पुष्कळ शिक्षिका असंच करतात, त्यात विशेष काही नाही. फक्त हळूहळू लातूरच्या घराला माझ्यावाचून चालायला लागलं. चहाचा डबा वरच्या फळीवर गेला, कारण नवऱ्याचा हात तिथं पोचतो. मी खाली शोधत बसायची, तो बाहेरून म्हणायचा, "वर आहे." भांडण करण्यासारखं काही नव्हतं. घर चालवणाऱ्याच्या उंचीप्रमाणे डबे लागतात, एवढंच.

देगलूरच्या खोलीतले डबे माझ्या उंचीला होते, पण तिथं बोलायला कुणी नव्हतं. खाली मालकांचं ठोक किराण्याचं दुकान, घरमालकीण मनाने चांगली. श्रावणात सोमवारी प्रसाद वर पाठवायची, "ताई, जेवलात का?" म्हणून जिन्यातून विचारायची. मी "हो" म्हणायची आणि जिना संपायचा. एकदा सुट्ट्यांत एसटी बंद होती, लातूरला जाता आलं नाही. सुट्टी संपताना दूधवाल्याला "अर्धा लिटर" म्हणायला तोंड उघडलं तर आवाज फाटका निघाला. मग लक्षात आलं की आदल्या दिवशी मी कुणाशीच काही बोलले नव्हते. मी मीठ घालून गरम पाण्याच्या गुळण्या केल्या. आवाज ही शिक्षकाची पोटापाण्याची वस्तू आहे, ती जपावी लागते.

त्या वर्षी चौथीत एक मुलगी होती. ती तिच्या मामाकडे राहायची. मामा बाजारगल्लीत बायकांचे ब्लाऊज शिवायचा. मुलीचा बाप ती लहान असतानाच गेला होता, आणि आई लातूरला मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला होती. वसतिगृह एका शाळेचं. तिथं काम करणाऱ्या बाईला स्वतःची मुलगी जवळ ठेवता यायची, पण मुलगी त्याच शाळेत शिकत असेल तरच. शाळा पाचवीपासून, गणित-विज्ञान इंग्रजीतून. नियमाने लहान मुलांची प्रवेशपरीक्षा घेता येत नाही, म्हणून तिथं तिला 'भेट' म्हणत. भेटीत एक मॅडम मुलीशी थोडं इंग्रजीत बोलायच्या आणि मग ठरायचं.

हे सगळं मला जुलैत मामानेच सांगितलं. मधल्या सुट्टीत तो गळ्यात टेप तसाच ठेवून आला होता.

"मॅडम, एक काम था."

"बोला."

"छोकरीकू अंग्रेजी बोलना सिखाओ. आयी तो अम्मी के पास रहती, नै आयी तो इधरिच."

"इथं काय वाईट आहे?"

"बुरा कुच नै, मॅडम. एक कमरा है. मेरे चार बच्चे, उनकी अम्मी, मैं, और मशीन. छोकरी मशीन के नीचे सोती." तो हसला. "शादी के सीझन में मशीन बी सोती नै."

मी त्याला सांगितलं की काळजी करू नका. मुलीला इंग्रजी येतं. वर्गात सगळ्यांत मोठा आवाज तिचाच असतो.

ते खरंच होतं. मी फळ्याशी उभी राहून चित्र दाखवलं की तिचा आवाज इतरांच्या वर चढायचा. फळं, प्राणी, रंग, आठवड्याचे वार, काही अडायचं नाही. वर्ग नुसता गर्जायचा. मुख्याध्यापक सर शेजारच्या वर्गातून म्हणायचे, "मॅडम, तुमच्या इंग्रजीपुढं आमचे पाढे ऐकू येईनात." मला ते प्रशस्तिपत्रक वाटायचं.

दिवाळीच्या आधी तोंडी तपासणी झाली. तपासणी आपल्या शाळेतल्या शिक्षकाने करायची नाही, शेजारच्या शाळेतल्याने यायचं, अशी पद्धत होती. आमच्याकडे आले ते जाड मिशांचे, वयाने माझ्याएवढे गुरुजी. टेबलावर चित्रांचा तक्ता, हातात मोबाईल. एकेक मूल बोलवायचं, चित्र दाखवून दोन-चार प्रश्न विचारायचे आणि पातळी भरायची. शब्द येत नाहीत ती खालची पातळी, शब्द येतात ती त्याच्यावरची, वाक्य येतं ती त्याच्यावरची. मी निर्धास्त होते. माझी मुलं वाक्यात बोलायची.

थोड्या वेळाने गुरुजी दारात आले.

"मॅडम, पोरं मुकी हायत का तुमची?"

"सकाळपर्यंत बोलत होती. तुमच्या मिशा बघून बसली असतील."

"मिशीला बोलू नका. ह्यो बघा, चित्र दावलं, व्हॉट इज धिस म्हणलो, पोरगं माझ्याच तोंडाकडं बघून राहिलं. दुसरं बी तसंच. तिसरं बी."

मी त्या मुलीला पुढे केलं. म्हटलं, हिला विचारा. गुरुजींनी तक्त्यावर बोट ठेवलं आणि पुस्तकात आहे तसाच प्रश्न विचारला, लातूरच्या भेटीत मॅडमही विचारतील असाच. ती चित्राकडे बघेना. ती माझ्याकडे बघायला लागली. ओठ नुसते तयार, आवाज नाही. मी दाराशी उभी होते. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आय सी अ मँ..."

"गो ट्री!" ती केवढ्याने तरी ओरडली.

गुरुजींनी मोबाईल खाली ठेवला. "असं न्हाई चालत, मॅडम. अर्धं तर तुमीच म्हणलाव."

"तिला येतंय, दिसत नाही का तुम्हाला?"

"हाव, येतंय की. मग अर्धी पातळी तिला देतो, अर्धी तुमाला."

मला राग आला. तो दिवसभर गेला नाही. माणूस मिश्कील होता, पण त्याने पातळी खालचीच भरली, जवळजवळ सगळ्या वर्गाची. खोलीवर गेल्यावर नवऱ्याला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, "जाऊ दे, कागदावरचं आहे." मी म्हटलं, कागदावरचं नाही. ती मुलगी लातूरला अशीच उभी राहील. त्याने विचारलं, "कोण मुलगी?" मी त्याला आधी काही सांगितलंच नव्हतं. आमचे फोन तसे छोटेच असायचे. जेवलीस का, जेवले, बरं.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा तास घेतला आणि पहिल्यांदा स्वतःला ऐकलं. "दिस इज अ मँ...?" मी म्हणत होते. "गो!" वर्ग म्हणत होता. "द स्काय इज ब...?" "ल्यू!" "संडे, मंडे, ट्यू...?" "जडे!" कुणी एक वाक्य सुरू केलेलं मला आठवेना. सुरुवात माझी असायची आणि शेवट त्यांचा.

ही काही माझी एकटीची रीत नव्हती. आम्ही सगळे असेच शिकलो आणि असंच शिकवतो. सूर्य कुठं उगवतो, पूर्...? वेला. राजधानी कोणती, मुं...? बई. शेवटी, समजलं का-अ? हो-ओ. त्याने वर्ग जागा वाटतो, साहेब आले तर खूष होतात, बाईंना दम लागत नाही. मराठीत ते खपून जातं, कारण मूल घरी आईशी भांडताना पूर्ण वाक्य स्वतः सुरू करतं. इंग्रजीत घरी भांडायला कुणी नसतं. माझ्या मुलांकडे इंग्रजीचा उत्तरार्ध तेवढा होता.

मी अर्धं वाक्य सोडणं बंद केलं. सांगायला एक ओळ लागते, करायला पुष्कळ त्रास झाला. प्रश्न पूर्ण विचारायचा आणि गप्प उभं राहायचं. वर्गाचा आवाज गेला. पोरं एकमेकांकडे बघायची, कुणी बाकावर पेन्सिल वाजवायचं, बाहेरच्या कोंबड्या ऐकू यायच्या. मुख्याध्यापक सर डोकावले. "मॅडम, वर्ग सोडला का काय?" मी म्हटलं, नाही, इंग्रजी चालू आहे. ते पाढे घ्यायला परत गेले. दिवसभर माझ्याच वर्गात शांतता, संध्याकाळी खोलीत शांतता. त्या महिन्यात मला कधी कधी वाटायचं की आपण उगाच एका ठिकाणचा आवाज घालवून बसलो.

मुलीला मी शाळा सुटल्यावर थांबवायला लागले. मामाची हरकत नव्हती, घरातली गर्दी तेवढीच कमी. आम्ही व्हरांड्यात बसायचो. मी वह्या तपासायची, ती समोर. नियम एकच होता: टीचरने अर्धं सोडलं तर उचलायचं नाही. मुद्दाम फसवायची मी. वही तपासता तपासता मधेच, "दिस इज माय पे..." की तिचं तोंड उघडायचं आणि ती दोन्ही हातांनी मिटायची. पहिल्यांदा फसली, पुन्हा फसली, मग फसायची बंद झाली. मी अर्धं सोडलं की ती ओठ घट्ट करून माझ्याकडे बघायची, आता कशी मजा, असं. पण उचलायचं नाही एवढंच ती शिकली होती. स्वतःचं वाक्य काही येत नव्हतं. मी विचारायची, ती विचार करायची, आणि मग मामाच्या हाका ऐकू यायच्या.

मग मी विचारणंच सोडलं. तिला म्हटलं, आता तू विचार. काहीही विचार, पण इंग्रजीत. मी उत्तर देईन. आणि मान खाली घालून वह्या तपासत बसले. असे पुष्कळ दिवस गेले. ती यायची, बसायची, जायची.

थंडीचे दिवस होते. एक दिवस ती म्हणाली, "टीचर, व्हाय यू नो गो होम?"

मी लाल पेन खाली ठेवलं. वाक्य मोडकं होतं, पण सुरुवातीपासून शेवटापर्यंत तिचं होतं. आणि प्रश्नही बरोबर होता. इतर शिक्षक सुटल्यावर लगेच निघायचे, मीच उशिरापर्यंत बसायची. तिला थांबवण्याच्या आधीपासून बसायची.

"देअर इज नोबडी ॲट होम," मी म्हटलं.

तिने डोळे बारीक केले. "नो मदर?"

"नो."

"नो मामू?"

"नो."

"नो चिल्ड्रन?"

"वन सन. ही इज इन पुणे."

"नाईट आल्सो?"

"नाईट आल्सो."

मला वाटलं, आता हिला वाईट वाटणार. तिने बोटं मोजावीत तसा विचार केला आणि म्हणाली, "गुड, टीचर. नो फायटिंग. फुल ब्लँकेट."

मी हसले. मी का हसले हे न कळून ती पण हसली. पूर्ण चादर एकटीला मिळते, याचा मी कधी त्या बाजूने विचार केला नव्हता.

त्यानंतर तिचं तोंड सुरू झालं ते थांबेना. यू ईट व्हॉट. यू कुक? युवर हजबंड कुक? युवर सन टॉक टू यू? हू इज अँग्री इन युवर हाऊस? चुकांकडे मी दुर्लक्ष करायची. उत्तरात तेच वाक्य सरळ करून म्हणायची, ती पुढच्या वेळी जवळपास तसं म्हणायची. तिलाही मी विचारायची. मामी रागीट आहे. मशीनखाली उन्हाळ्यात गार असतं. अम्मीच्या हाताला कांद्याचा वास येतो. अम्मी सणाला येते आणि दुसऱ्या दिवशी जाते. हे ती मराठीत मला कधी बोलली नव्हती. मलाही मराठीत कुणी विचारलं नव्हतं की तुमच्या घरी कोण रागावतं.

सोमवारी पहाटेच्या गाडीत पूर्वी मी झोपायची. आता उदगीर गेलं की मी ठरवायला लागायची, आज तिला काय सांगायचं. भाचीच्या साखरपुड्यात दिवे गेले ते सांगावं का, त्यासाठी तिला कोणते शब्द लागतील. वयाच्या पन्नाशीकडे आलेली बाई नऊ वर्षांच्या पोरीसाठी गप्पा साठवते, हे काही चांगलं लक्षण नाही हे मला कळत होतं. एका रविवारी मी नवऱ्याला तिचा चादरीचा किस्सा सांगितला. तो हसला, मग म्हणाला, "तिला तू तयार करतेस आणि पाठवून देतेस. नंतर?"

"नंतर काय. कामच आहे ते."

"तसं नाही, शाळा सुटल्यावर तू..."

"पोळी गार होते," मी म्हटलं.

मार्चमध्ये मिशांचे गुरुजी पुन्हा आले. वर्गाचं म्हणाल तर बरं झालं, फार नाही. निम्मी मुलं अजून तोंडाकडे बघायची. पण काही बोलली, स्वतः सुरू करून बोलली. ती मुलगी आत गेली आणि बराच वेळ बाहेर येईना. मग गुरुजीच बाहेर आले.

"मॅडम, प्रश्न कोण विचारायचे असतेत?"

"का?"

"तुमची पोरगी मलाच विचारून राहिली. व्हाय युवर मिशी इज बिग म्हणती."

"मग काय सांगितलंत?"

"माय फादर मिशी आल्सो बिग, म्हणलो. काय करू!" त्यांनी मोबाईल काढला. "वरची पातळी देतो. पण मिशीला इंग्रजीत काय म्हणतेत ते शिकवा तिला. मला बी शिकवा."

मेमध्ये लातूरच्या शाळेची भेट ठरली. सुट्टी लागली होती, मी लातूरलाच होते. मामा मुलीला घेऊन सकाळच्या गाडीने आला. मी स्कूटरवरून शाळेत पोचले तेव्हा दोघं फाटकाशी उभे होते. तिने नवा फ्रॉक घातला होता, मामाच्याच हातचा, ब्लाऊजपीसचा असावा. तिच्या आईला मी तिथं पहिल्यांदा पाहिलं. बारीक, तरुण बाई. ओल्या हातांनीच तिने नमस्कार केला, मुलीचे केस सारखे केले, आणि आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. तिला मात्र बसवेना. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

मुलगी एकटीच आत गेली. मॅडम वयाने लहान होत्या, आवाज गोड. उकाड्यामुळे खिडकी उघडी होती आणि मला सगळं ऐकू येत होतं. नाव विचारलं, तिने सांगितलं. मग कागदाची सळसळ झाली, तक्ता उघडला असावा.

"नाऊ, दिस इज अ पी...?"

मी बाकावर सरळ झाले. आतून आवाज नाही.

"दिस इज अ पीऽऽ...?" मॅडमनी अजून गोड केलं.

काही नाही. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण ओठ कसे घट्ट मिटले असतील ते मी पाहू शकत होते. सगळा हिवाळा मीच तिला ते शिकवलं होतं. मोर तिला पहिलीपासून येत होता. एक कॉक म्हटलं की झालं होतं. मॅडमना दोष देण्यासारखं नव्हतं. त्या आमच्याच पद्धतीने विचारत होत्या, मायेने, अर्धं सोडून.

"ॲन्ड दिस इज अ पॅ...?"

मामाने टेप गळ्यातून काढला आणि पुन्हा घातला. मुलीची आई माझ्याकडे बघत होती. इंग्रजी तिला कळत नव्हतं, शांतता कळत होती. खिडकीतून मी एक शब्द टाकला असता तर ती बोलली असती. मी टाकला नाही. तसं बोललेलं तिचं नसतंच, आणि लातूरला रोज खिडकीत मी असणार नव्हते.

"येत नाही का, बाळ?" मॅडम मराठीत म्हणाल्या. "घाबरू नकोस हं. पुढच्या वर्षी..."

"टीचर," आतून आवाज आला, "यू से फुल."

"व्हॉट?"

"यू से फुल. देन आय से फुल."

मॅडम हसल्या की रागावल्या ते बाहेर कळेना. मग त्यांनी पूर्ण विचारलं, "व्हॉट इज दिस?"

आणि मग ती सुटली. दिस इज अ पीकॉक. पीकॉक इज नॉट इन देगलूर मार्केट, गोट इज. गोट ईट माय मामूज क्लॉथ, मामू व्हेरी अँग्री. यू हॅव गोट, टीचर? युवर हाऊस फार? माय मदर हाऊस इज हिअर, बॅकसाईड, किचन.

तिच्या आईने माझी बाही ओढली. "क्या बोली उने?"

"ती मॅडमना म्हणाली, तुम्ही पूर्ण विचारा."

"हाय अल्ला, मॅडमकू?"

मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा लाल होता, पण हसू आवरत नव्हतं. "मुलगी जरा आगाऊ आहे," त्या मला म्हणाल्या. "तुम्हीच शिकवलं का?" मी हो म्हटलं. त्यांनी मामाला सांगितलं, जूनमध्ये दाखला घेऊन या, आधार कार्डाची झेरॉक्स आणि फोटो. म्हणजे झालं होतं. मामाला कळायला क्षणभर लागला. आईला तेवढाही लागला नाही. तिने मुलीचं मनगट धरलं आणि ती तिला स्वयंपाकघराकडे घेऊन निघाली, भात चुलीवर होता म्हणून घाईने, आणि मुलगी तिच्या मागे जवळजवळ पळत. वळणावर दोघी दिसेनाशा झाल्या. मुलीने मागे वळून बघितलं नाही. आईकडे जाणारं मूल मागे बघत नाही, बघूही नये.

घरी आले तर नवरा वर्तमानपत्र वाचत होता. "झालं?" त्याने विचारलं. "झालं," मी म्हटलं. त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि उठून स्वतः चहा टाकला. उन्हाळ्याची सुट्टी अजून पुष्कळ बाकी होती.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मामा दाखला न्यायला आला. दाखला मीच भरत होते. शाळा सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, आईकडे राहायला गेली.

मुख्याध्यापक सर सही करायला घेऊन थांबले. "असं कारण चालत नाही, मॅडम. 'स्थलांतर' लिहा."

मी दुसऱ्या कोऱ्या दाखल्यावर स्थलांतर लिहिलं.

"पोरं तुम्हीच घालवा आणि पट कमी झाला म्हणून मला बोलणी बसू द्या," ते सही करता करता म्हणाले. ते रागाने नव्हते म्हणत.

मामाने दाखला घडी न घालता दोन पुठ्ठ्यांच्या मधे ठेवला. मी विचारलं, "कैसी है?"

"खुश है, मॅडम. बहोत बातां करती कते. उसकी अम्मी तंग आ गयी."

"क्या बातां करती?"

"वो क्या मालूम." तो शाळेच्या पायऱ्या उतरायला लागला. "फोन पे मेरेकू तो बस सलाम बोलती और अम्मीकू देती. चलता मॅडम, एक दुल्हन के सात ब्लाऊज पडे हैं."

तो गेल्यावर मी वर्गात गेले. नवी तिसरी समोर बसली होती, दप्तरं मांडीवर, अजून बाकांवर जागा न ठरलेली. मी फळ्यावर आंब्याचं चित्र काढलं, वळले आणि प्रश्न पूर्ण विचारला. कुणी बोललं नाही. एक पोरगी माझ्या ओठांकडे बघत होती, आता पहिलं अक्षर येईल म्हणून. मी थांबले. मला कुठं जायची घाई नव्हती.